पब भरलेत, कॅफे भरलेत, मग टेकायला जागा का नाही?

निवांत

‘हल्लीची मुलं पबात जात नाहीत, सगळी कॅफेत पडीक असतात’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी म्हणालं की मी मान डोलावून विषय बदलतो. दारू उतरणीला, कॉफी चढणीला, झालं समाजशास्त्र! मला यात मोठा बदल दिसत नाही. ग्लासात काय आहे ते सोडा, माणूस तिथवर पोचला कसा ते बघा.

पूर्वी (म्हणजे मोबाइल खिशात यायच्या आधी) बाहेर जाणं ठरवावं लागत नसे. काम संपलं, पाय तिकडे वळले, आत डोकावलं, ओळखीचं कुणी दिसलं तर बसलो, नाही तर एक घेऊन घरी. कुणी बोलावलेलं नसायचं आणि नाही गेलो तर कुणी रुसायचंही नाही. आता बाहेर जाणं हा कार्यक्रम असतो. तारीख, वेळ, बुकिंग, कोण नक्की येणार, कोण ‘बघतो’ म्हणतंय, कोण ऐन वेळी टांग देणार. एवढं सगळं करून दोन तास भेटायचं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकांची वेळ झाली की टेबल सोडायचं.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात ‘तिसरी जागा’ ही कल्पना मांडली. घर पहिली, काम दुसरी, आणि जिथे यजमानपणाची जबाबदारी नाही नि साहेबाची नजरही नाही ती तिसरी. कॅफे, पब, केशकर्तनालय, काहीही चालेल. कधीही या, कधीही उठा. हुद्दा दाराबाहेर ठेवा. मुख्य उद्योग गप्पांचा. आणि नेहमीची चार टाळकी हवीत, ज्यांच्यामुळे त्या जागेला रंग चढतो. ही फूटपट्टी आजच्या कॅफेला लावून बघा. निम्म्या टेबलांवर हेडफोन. नेहमीची माणसं असतात, पण एकमेकांची नसतात. तोच चेहरा त्याच खुर्चीत वर्षभर दिसतो आणि नाव काही कळत नाही.

गंमत म्हणजे कॅफे जन्मला तेव्हा तो याच्या बरोब्बर उलटा होता. लंडनमधलं पहिलं कॉफीघर १६५२ च्या सुमारास पास्का रोझे नावाच्या माणसाने काढलं. मग ती शहरभर झाली. एक पेनी टाकायची, कॉफी घ्यायची, आलेली वृत्तपत्रं चाळायची आणि लांब टेबलावर मिळेल त्या जागी बसायचं. शेजारी कोण हे आपल्या हातात नाही. जहाजांची खबर काढायला दर्यावर्दी आणि व्यापारी एडवर्ड लॉइडच्या कॉफीघरात जमत, त्यातूनच पुढे लॉइड्स हा विम्याचा बाजार उभा राहिला. दुसऱ्या चार्ल्स राजाने डिसेंबर १६७५ मध्ये ही कॉफीघरं बंद करायचं फर्मान काढलं, पण एवढा गहजब झाला की अमलात यायच्या आधीच, जानेवारीत, ते मागे घ्यावं लागलं. राजाचं कॉफीशी काय वाकडं होतं? माणसं एकत्र बसून बोलतात, हे खुपत होतं. आजच्या कॅफेवर बंदी घालावी असं कुठल्या राजाला वाटेल?

तर मंडळी, न ठरवता, कुणालाही मेसेज न टाकता, नुसतं ‘बघू कोण आहे’ म्हणून तुम्ही शेवटचे कधी आणि कुठे गेला होतात? आणि जात नसाल तर का?

हिशेबी

लेख छान, पण संस्कृतीच्या धुक्यात पैसा दिसेनासा झालाय.

ब्रिटनमध्ये २००० साली साठ हजारांच्या आसपास पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या घरात. फ्रान्समध्ये १९६० च्या सुमारास दोन लाख कॅफे होते असं सांगतात, ते चाळीस हजारांच्याही खाली आले. म्हणजे ‘पब गेले, कॅफे आले’ हे तर चूकच, कॅफेच्या माहेरघरी कॅफेही गेले. कारणं कंटाळवाणी आहेत. दुकानातली बाटली पबातल्या ग्लासापेक्षा फार स्वस्त पडू लागली. घरी टीव्ही आला, मग मोठा टीव्ही आला. १९६७ मध्ये ब्रिटनने श्वास तपासायचं यंत्र रस्त्यावर आणलं आणि खेड्यातल्या, गाडीशिवाय पोचता न येणाऱ्या पबांची मान कायद्याने पकडली (कायदा योग्यच होता, ते वेगळं). शिवाय जागेचं भाडं.

एक किस्सा सांगतो, कारण तो फार कुणाला ठाऊक नसतो. ब्रिटनमध्ये बड्या दारू कारखान्यांच्या मालकीचे हजारो पब होते, तिथे त्यांचीच बिअर. ही मक्तेदारी मोडायला १९८९ मध्ये सरकारने नियम केले: दोन हजारांवर पब असतील तर वरच्यांपैकी निम्म्यांवरची पकड सोडा. कारखान्यांनी पब विकले. घेतले कुणी? ज्यांना बिअर बनवायची नव्हती, फक्त मालमत्ता हवी होती अशा कंपन्यांनी. पुढे ज्या पबातून भाडं कमी, त्या इमारतीचे फ्लॅट. माणसं यायची थांबली म्हणून पब बंद झाला, की पब बंद झाला म्हणून माणसं यायची थांबली, हे तुम्हीच ठरवा.

रोखठोक

‘काम संपलं, पाय तिकडे वळले.’ कुणाचे पाय हो, निवांतराव?

माझ्या आईच्या पिढीत काम संपलं की पाय स्वयंपाकघराकडे वळायचे. तुमची ती कुणालाही खुली असलेली जागा निम्म्या जनतेला बंद होती, आणि कायद्याने नाही तर नजरेने. लंडनमधल्या एल विनो या वाइन बारमध्ये बायकांना काउंटरशी उभं राहून पेय मिळत नसे; मागच्या खोलीत बसा, तिथे आणून देऊ. वकील-पत्रकारांचा अड्डा, म्हणजे बातम्या आणि कामं काउंटरपाशी वाटली जायची. दोघींनी खटला भरला आणि अपील कोर्टाने निकाल त्यांच्या बाजूने दिला तो १९८२ मध्ये. सतराव्या शतकात नव्हे, १९८२ मध्ये!

तुम्ही कॅफेला नावं ठेवता, मी त्याचं एक कौतुक सांगते. काच. जुन्या पबाची खिडकी बघा, खालची निम्मी काच घासलेली, धुरकट. आतल्या माणसाला बाहेरून कुणी ओळखू नये म्हणून. दार जड, आत अंधार. एकट्या बाईला ते दार ढकलायचं म्हणजे आत कोण आहे, किती आहेत, सगळ्या माना वळणार का, काहीच माहीत नाही. कॅफेची काच जमिनीपासून छतापर्यंत. फुटपाथवरूनच दिसतं: दोघी बोलतायत, एक म्हातारे वाचतायत, कोपऱ्यातलं टेबल रिकामं आहे. आत जायचं की नाही ते दारातच ठरतं. ही काच आली तेव्हा मी एकटी बाहेर जायला लागले. पुस्तक घेऊन दोन तास बसते, कुणी विचारत नाही, कुणी शेजारी येऊन बसत नाही. तुम्हाला जे ओकंबोकं वाटतं ना, त्यासाठीच तर मी जाते.

शून्यमात्रा

रोखठोक, अगदी अगदी.

मी न पिणारा. आयुष्यभर मित्रांबरोबर बसलोय आणि आयुष्यभर सोड्याच्या ग्लासाचं स्पष्टीकरण दिलंय. ‘काय रे, औषधं चालू आहेत का?’ ‘गाडी चालवायचीय?’ ‘एक घोट घे, काही होत नाही.’ मग पाळीपाळीने सगळ्यांचं बिल भरायची पद्धत. पाच जण असले की पाच फेऱ्या ठरलेल्या. प्यायचा वेग सगळ्यात भरभर पिणारा ठरवतो, आणि मधेच उठावं तर ‘आपली पाळी चुकवून पळाला’. मी माझ्या दोन सोड्यांसाठी किती फेऱ्यांचे पैसे भरलेत ते हिशेबींना काढायला देत नाही, उगाच त्रास.

या पद्धतीचा धसका एका सरकारनेही घेतला होता. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ब्रिटनमध्ये लंडनसकट बऱ्याच भागांत दुसऱ्यासाठी दारू विकत घ्यायलाच मनाई केली. ज्याची त्याने घ्यावी. दारूगोळ्याच्या कारखान्यातले कामगार एकमेकांना पाजत बसतात आणि दुसऱ्या दिवशी कामाचा बोऱ्या वाजतो, हे कारण. म्हणजे ‘माझं मी भरतो’ याला एकेकाळी पोलिसांचा पाठिंबा होता!

आता चित्र पालटलंय. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या एका संस्थेने ‘ड्राय जानेवारी’ सुरू केला, आता महिनाभर न पिणं ही अभिमानाने सांगायची गोष्ट झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सरळ सांगितलं की आरोग्याला सुरक्षित अशी दारूची कुठलीही मात्रा नाही. गॅलप या जनमत आजमावणाऱ्या संस्थेच्या २०२५ च्या पाहणीत ‘मी पितो’ म्हणणारे अमेरिकन प्रौढ ५४ टक्के निघाले, १९३९ पासून ते हा प्रश्न विचारतायत, त्यातला हा नीचांक. बिनदारूच्या बिअरचा नळ आता नेहमीच्या नळांशेजारी असतो. ग्लास तसाच, फेस तसाच. कुणी विचारतच नाही. एवढ्यासाठी तरी मी नव्या काळाच्या बाजूने.

निवांत

रोखठोक, शून्यमात्रा, तुमचं दुखणं रास्त आहे आणि त्यावर मी वाद घालत नाही. जुनं परत आणा असं म्हणतच नाहीये. माझा प्रश्न पुढचा आहे. दार सगळ्यांना उघडं झालं, फार चांगलं झालं. पण दार उघडताना आतलं लांब टेबल का काढलं? स्त्रिया आल्या म्हणून, की न पिणारे आले म्हणून? दोन्ही नाही. त्याचं कारण कुणी सांगेल का?

काउंटरमागून

मी सांगतो. आधी काही वर्षं बारच्या मागे उभा होतो, आता एक छोटं कॅफे चालवतो. (नाव-गाव विचारू नका.)

बार आणि कॅफेत एक मूलभूत फरक आहे. बारमध्ये बसलेला माणूस परत परत मागवतो. तासाभरात दोन-तीन ग्लास होतात, म्हणून तो बसलेला बरा. कॉफीवाला एक कप घेतो. दुसरा कप शंभरातले थोडेच घेतात, कारण झोप उडते. म्हणजे कॅफेला माणूस आलेला हवा, बसलेला नको. आणि माणसाला नेमकं बसायचंच असतं. सगळी रचना या ओढाताणीतून होते. लांब टेबलावर दोघे बसले की तिसरा बसत नाही, तेवढ्याच जागेत दोघांच्या तीन टेबलांवर तीन वेगळी गिऱ्हाइकं बसतात. गेलं लांब टेबल.

लॅपटॉपवाल्यांच्या खोड्या मला पाठ आहेत. आत आल्यावर नजर मेन्यूकडे जात नाही, भिंतीच्या तळाशी जाते, सॉकेट कुठंय. मग बॅग एका खुर्चीवर, जॅकेट दुसऱ्या. कपाच्या तळाशी एक घोट मुद्दाम ठेवतात. कप रिकामा झाला की आमचा पोरगा उचलायला येणार आणि ‘अजून काही आणू?’ विचारणार, हे त्यांना माहीत असतं. तो गार घोट तीन-तीन तास तसाच. त्यावर साय धरलेली मी पाहिली आहे. फोनवर मीटिंग चालू झाली की अख्ख्या कॅफेला त्यांच्या कंपनीचा तिमाही आढावा कळतो. कोरियात लोक थेट डेस्कटॉप आणि प्रिंटर घेऊन येऊ लागले, शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या स्टारबक्सला ते बंद करावं लागलं. त्याच कंपनीने २०१८ मध्ये अमेरिकेत ‘काही न घेताही बसा’ असं धोरण आणलं होतं. फिलाडेल्फियात काही न मागवता वाट बघत बसलेल्या दोन कृष्णवर्णीय तरुणांना अटक झाली, त्या प्रकरणानंतर. जानेवारी २०२५ मध्ये ते धोरण मागे घेतलं: बसायचं तर विकत घ्या. पण त्या लॅपटॉपवाल्यांवर रागही काढवत नाही. घरी दुसरी खोली नसते म्हणून येतात बिचारे.

गप्पा का होत नाहीत याचं दुसरं कारण आवाज. उघडं सिमेंट, काच, लाकडी फळ्या, उंच छत. फोटोत छान दिसतं. गालिचे, पडदे, गुबगुबीत बाकं गेली, आवाज शोषणारं काही उरलं नाही. आणि गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ च्या सुमाराला हे नोंदवलं होतं, त्याच्या नावानेच ते ओळखलं जातं. शेजारचं टेबल मोठ्याने बोलतं म्हणून तुम्ही, तुमच्यामुळे पलीकडचे. अर्ध्या तासात सगळे ओरडतायत आणि वर आम्ही गाणी लावलेली. अशा ठिकाणी अनोळखी माणसाशी बोलणं कुणाला सुचेल?

जुनं_खोड

काउंटरमागून, प्रतिसाद आवडला. त्यात सरकारची भर घालतो.

सवयी आपोआप बदलतात असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात बऱ्याचदा घड्याळ बदलतं. १९१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच राज्यांनी बार संध्याकाळी सहाला बंद करायला लावले. लोक लवकर घरी जातील, कमी पितील, अशी भाबडी अपेक्षा. काम पाचला सुटायचं. मग पाच ते सहा या एका तासात जेवढं घशाखाली उतरेल तेवढं उतरवायचं. बारवाल्यांनी खुर्च्या काढल्या, टेबलं काढली, उभ्याने जास्त माणसं मावतात म्हणून. भिंतींना फरशा बसवल्या, धुवायला सोप्या. बसून बोलत पिणारा समाज पन्नास वर्षांत उभ्याने ढोसणारा झाला, आणि तो सगळा सुधारणेच्या नावाखाली. शेवटची राज्यं यातून सुटली १९६६-६७ मध्ये. न्यूझीलंडचीही तीच कथा, १९१७ ते १९६७.

उलट उदाहरण आयर्लंडचं. मार्च २००४ मध्ये कामाच्या सगळ्या बंद जागांत, पबांसकट, धूम्रपान बंद करणारा तो पहिला देश. तेव्हा ‘आता पब मेले’ अशी ओरड झाली. त्याने काही पबांचं नुकसान झालंही असेल, पण एक मजा झाली: दाराबाहेर सिगरेट ओढायला उभे राहणाऱ्यांची वेगळीच मैफल जमायला लागली. एकमेकांना न ओळखणारी माणसं, लायटर मागता मागता बोलायला लागली. निवांत, तुमची तिसरी जागा काही वर्षं फुटपाथवर होती! मी धूम्रपान सोडलं तेव्हा सगळ्यात जास्त त्याच गप्पा चुकल्या.

आणि एक कडू गोष्ट, नेहमीच्या त्या ‘चार टाळक्यां’बद्दल. त्यातलं एखादं टाळकं रोज यायचं ते गप्पांसाठी नाही, घरी जाववत नव्हतं म्हणून, आणि एखादं प्यायल्याशिवाय हात स्थिर राहत नव्हते म्हणून. आम्ही त्याला ‘आमचा अड्ड्याचा राजा’ म्हणायचो आणि त्याच्या पोरांना ते कसं वाटत असेल हे कुणी विचारलं नाही. आठवणींत हे सोयीने गाळलं जातं.

नवखा

काका लोकहो, आमच्याबद्दल चाललंय म्हणून बोलतो. 🙂

‘तुम्ही न ठरवता जात का नाही?’ कारण न ठरवता गेलं तर तिथे कुणीच नसतं! तुमचे मित्र दहा मिनिटांच्या चालीवर राहायचे. माझे शाळेतले तीन वेगळ्या शहरांत, कॉलेजातले शहराच्या चार टोकांना, कारण भाडं परवडतं तिथे राहतात. मी एकटा पबात डोकावलो तर ओळखीचा चेहरा फक्त बारटेंडरचा, आणि तोही दर दोन महिन्यांनी बदलतो.

त्यात दुसरी गोष्ट तुम्हाला कधी सोसावी लागली नाही. कॅमेरा. तुम्ही पिऊन टेबलावर चढून गायलात तर ते पंधरा लोकांना माहीत होतं आणि सोमवारपर्यंत विसरलं जायचं. आम्ही चढलो तर ते नोकरीच्या मुलाखतीपर्यंत पाठलाग करतं. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी पिणं कमी केलं ते यकृतासाठी नाही, या भीतीने.

आणि आम्ही भेटत नाही हे खोटं आहे. नुसतं बसायला भेटत नाही, एवढंच. बोर्डगेमची संध्याकाळ, सकाळचं पळणं आणि मग कॉफी, मातीची भांडी करायचा वर्ग. हाताला काहीतरी उद्योग असला की अनोळखी माणसाशी बोलणं सोपं जातं. समोरासमोर बसून ‘बोला आता’ म्हटलं की आमची दातखीळ बसते, हे मान्य.

रोखठोक

नवखा, हाताला उद्योग हा मुद्दा लाख मोलाचा. पुरुषांना ग्लास हा उद्योग होता. दोघे पुरुष काही न पिता समोरासमोर बसून मनातलं बोलतायत असं मी फार क्वचित पाहिलंय. ग्लास काढून घेतला तर त्यांच्या हातात आता फोन आहे, आणि फोन समोरच्याकडे ढकलून ‘घे, एक घोट’ म्हणता येत नाही.

हिशेबी

नवखाच्या ‘आम्ही भेटतो’ला एक आकडा. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी (म्हणजे सरकारच्या मुख्य आरोग्य-सल्लागारांनी) २०२३ मध्ये एकटेपणावर अहवाल काढला. त्यात मित्रांबरोबर प्रत्यक्ष घालवलेला वेळ २००३ मध्ये रोज सरासरी साठ मिनिटं होता, तो २०२० मध्ये वीसवर आला असं म्हटलंय. २०२० हे महामारीचं वर्ष, त्यामुळे शेवटचा आकडा अंमळ अन्यायकारक आहे. पण उतरण त्याच्या बरीच आधी सुरू झाली होती. तेव्हा मातीची भांडी करणारे भेटत असतील, भांडी न करणारे घरी आहेत. ब्रिटनने तर २०१८ मध्ये एकटेपणासाठी मंत्री नेमला, जपाननेही २०२१ मध्ये.

जपानचा अजून एक नमुना: २०२२ मध्ये तिथल्या कर खात्याने विशी-तिशीतल्या लोकांनी जास्त प्यावं म्हणून कल्पना मागवायची स्पर्धा काढली होती. १९८० मध्ये महसुलातला पाच टक्के वाटा दारूवरच्या कराचा होता, तो दोन टक्क्यांच्याही खाली गेला, म्हणून. एक खातं सांगतंय पिऊ नका, दुसरं म्हणतंय प्या जरा!

लेकुरवाळी

धागा वाचतेय बाळाला मांडीवर घेऊन, एका हाताने टाइप करतेय, चुका पोटात घाला.

तुमच्या सगळ्या चर्चेत संध्याकाळच आहे. मला संध्याकाळ नाही. सकाळी साडेदहाला जे कॅफे भरलेलं असतं त्यात आम्ही असतो, बाबागाड्या दाराशी लावून. तिथे बुकिंग नसतं, मेसेज नसतो. ‘किती महिन्यांचा?’ एवढ्यावर ओळख होते. निवांत, तुम्ही म्हणताय ती जागा अजून आहे, तुम्ही त्या वेळेला ऑफिसात असता इतकंच.

निवांत

लेकुरवाळी, हे मात्र सुचलं नव्हतं. आणि ‘किती महिन्यांचा’ची जागा घेईल असं काहीतरी संध्याकाळच्या माणसांना मिळायला हवं. लायटर, बाळ, बोर्डगेम, म्हणजे बोलायला निमित्त लागतं आणि ते निमित्त एकमेकांकडे काहीतरी मागण्याचं असतं, असं आतापर्यंतच्या प्रतिसादांवरून दिसतंय.

हिशेबी, तुमच्या पब-मालमत्तेच्या किश्शाला जोड: इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्याने गावकऱ्यांना पबाची ‘लोकोपयोगी जागा’ म्हणून नोंद करून घेता येते. मालक विकायला निघाला की गावाला पैसे उभे करायला सहा महिन्यांची सवड मिळते. विकलंच पाहिजे असं मालकावर बंधन नाही, पण काही गावांनी खरंच पब विकत घेतले आणि त्यातल्या काहींत टपाल, किराणा आणि सकाळची कॉफीही सुरू केली. एकाच छपराखाली लेकुरवाळींची सकाळ आणि जुन्या खोडांची रात्र.

काउंटरमागून, तुम्ही पुन्हा लांब टेबल लावून बघाल का? की धंद्याला परवडणारच नाही?

काउंटरमागून

लावलंय की! आधी सांगितलं नाही, कारण धागा जाहिरातीकडे झुकेल असं वाटलं. आठवड्यातून एक संध्याकाळ, मंगळवारी, कारण मंगळवारी तसाही शुकशुकाट असतो. चार टेबलं जोडतो. त्यावर लॅपटॉप नाही, बुकिंग नाही. गाणी बंद.

पहिल्या काही वेळी अगदी केविलवाणं झालं. माणसं दोन टोकांना बसायची, मग त्या टोकांपासून एकेक खुर्ची सोडून, मधे मैदान. प्रत्येकासमोर आम्ही पाण्याचा ग्लास भरून ठेवायचो, ते बंद केलं. टेबलाच्या मधोमध एकच मोठा पाण्याचा जग ठेवला. आता पाणी हवं तर ‘जरा इकडे सरकवता का?’ म्हणावंच लागतं. एवढ्याने काही जणांचा घसा मोकळा झाला. काही जण अजूनही तहानलेले बसतात पण मागत नाहीत, त्यांना त्यांच्या वाटेने जाऊ देतो. रोखठोक यांच्यासारखं एकटीने वाचत बसायचं असेल त्यांच्यासाठी काचेजवळची छोटी टेबलं आहेत तशीच ठेवली आहेत. दोन्ही लागतं.

हिशेबी

आणि गल्ला?

काउंटरमागून

छोट्या टेबलांच्या मानाने त्या संध्याकाळी कमीच. पण त्यातली थोडी माणसं आता गुरुवारीही येतात, तेही आपापली न ठरवता, आणि दुसरा कप बिनदुधाचा, बिनकॅफिनचा घेतात, तो आमच्या मेन्यूवर आधी नव्हता. भाड्याचा करार नवा करायची वेळ जवळ आलीये. मालकाने आकडा वाढवला तर पहिलं ते टेबल जाईल, हे जमणाऱ्यांना सांगून ठेवलंय.

शून्यमात्रा

न पिणाऱ्यांना चालतं ना त्या टेबलावर? मंगळवारी मोकळाच असतो.

काउंटरमागून

चालतं. पाण्याच्या जगाजवळची खुर्ची तेवढी धरू नका, सगळ्यांना पाणी ओतत बसावं लागतं.